ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांचं वायरिंग: तयारी, कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

ट्रॉलीचे दिवे खळ्यात लागतात आणि रस्त्यावर दगा देतात, ही तक्रार खानदेशात गावोगाव ऐकू येते. नवे दिवे बसवून आठवडा होत नाही तोच एक बाजू मंद होते, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, खड्ड्यात चाक आपटलं की सगळंच विझतं. मग बल्ब बदलले जातात, होल्डर बदलले जातात आणि शेवटी ‘ट्रॉलीला कुठे दिवे टिकतात’ म्हणत केबल दांड्याला गुंडाळून ठेवली जाते. बल्बाचा दोष त्यात क्वचितच असतो. अर्थ, म्हणजे करंटची बॅटरीकडे परत जायची वाट, हूकाच्या पिनेतून आपोआप मिळेल असं धरून चालणं आणि सगळं जोडून झाल्यावरच पहिल्यांदा तपासणं, या दोन सवयींनी बहुतेक वायरिंग बिघडतं.

रावेर, सावदा, यावलकडे केळीच्या ट्रॉल्या, शहादा-तळोद्याकडे उसाच्या, जळगाव-धुळ्याच्या खेड्यांतून कापसाच्या. दिवस मावळला तरी त्या रस्त्यावर असतात. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याच्या कडेला थांबलेली बिनदिव्याची ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. म्हणून हे काम चलता है म्हणून करायचं नाही.

खालची माहिती १२ व्होल्टचा ट्रॅक्टर, एक ट्रॉली आणि साधे बल्ब धरून दिली आहे. दोन ट्रॉल्या, एलईडी आणि घरची एसयूव्ही यांच्याबद्दल शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

## कामाला हात लावण्याआधी

बाजारात जाण्याआधी माप घ्या. ट्रॅक्टरच्या सॉकेटपासून दांड्यावरून, चेसिसच्या आतल्या बाजूने, मागच्या आडव्या चॅनेलपर्यंत दोरी धरा. केबल जिथून जाणार आहे तिथूनच दोरी वळवत न्या, हवेत सरळ ताणू नका. आलेल्या मापात दीड मीटर मिळवा. साधारण शेतीच्या ट्रॉलीला सात-आठ मीटर केबल लागते. डाव्या-उजव्या दिव्यांकडे जाणारे फाटे वेगळे मोजा.

सामान असं:

- सात कोअरची (आत सात वेगळ्या वायरी असलेली) लवचीक तांब्याची केबल, प्रत्येक कोअर दीड स्क्वेअर एमएम. अर्थसाठी अडीच स्क्वेअरची वायर. केबलमध्ये जाड कोअर नसेल तर अडीचची वेगळी वायर त्याच पाईपमधून न्या.
- सात पिनी प्लग. ट्रॅक्टरचं सॉकेट गंजलेलं असेल तर तेही नवं घ्या, स्प्रिंगच्या झाकणाचं.
- मागच्या दिव्यांचे दोन संच: टेल-ब्रेकसाठी आत दोन तारा (फिलामेंट) असलेला २१/५ वॅटचा बल्ब, इंडिकेटरसाठी २१ वॅटचा.
- नंबर प्लेटचा ५ वॅटचा दिवा.
- तांब्याचे लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे), लग दाबायची पक्कड, हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी), फ्लेक्सिबल पाईप, लोखंडी क्लॅम्प, रबरी ग्रॉमेट, काचकागद, पेट्रोलियम जेली.
- फ्युज आणि फ्युज होल्डर.
- टेस्ट लॅम्प. २१ वॅटच्या बल्बाच्या होल्डरला दोन वायरी आणि टोकाला क्लिपा, एवढंच.

वायर घेताना एक धागा ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरा निघाला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर आहे. ती परत करा. हादऱ्याने ती लवकर तुटते आणि स्क्रूखाली ढिली पडते.

जाडीवर इतका जोर का, ते आकड्यांत पाहा. रात्री टेल चालू, नंबर प्लेट चालू, ब्रेक दाबलेला आणि एका बाजूचा इंडिकेटर: टेलचे १०, नंबर प्लेटचे ५, ब्रेकचे ४२, इंडिकेटरचे २१. एकूण ७८ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेसहा अँपिअर. वेगवेगळ्या वायरींतून गेलेला हा सगळा करंट परत येतो तो एकट्या अर्थच्या वायरीतून. आठ मीटरची पाऊण स्क्वेअरची वायर असेल तर फक्त परतीच्या वाटेत सव्वा व्होल्टच्या वर गळती होते. अडीच स्क्वेअरला ती अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. तारेच्या बल्बाला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड साधारण तीस टक्के घटतो. ‘बल्ब नवा आहे पण मंद लागतो’ याचं कारण बहुतेकदा इथे सापडतं.

सावधान: ब्रॅकेट, क्लॅम्पच्या पट्ट्या, दिव्यांच्या जाळ्या यांचं वेल्डिंग वायरिंगच्या आधी उरकून घ्या. ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडूनच वेल्डिंग करा. वायरिंग झाल्यावर वेल्डिंग करायची वेळ आलीच, तर प्लग काढा आणि वेल्डिंगची अर्थ क्लिप वेल्डच्या अगदी जवळ लावा. नाहीतर वेल्डिंगचा करंट दिव्यांच्या अर्थ वायरीतून वाट काढतो आणि ती आतल्या आत जळते. वरून काही दिसत नाही.

सावधान: टिपिंग (माल उलटणाऱ्या) ट्रॉलीची बॉडी जॅकवर उचलून खाली शिरू नका. जाड लाकडाचा किंवा लोखंडी टेकू चेसिस आणि बॉडीच्या मध्ये दिल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालायचं नाही. जॅकचा पाईप फुटायला एक क्षण पुरतो.

## टप्पा १: आधी ट्रॅक्टरचं सॉकेट तपासा

ट्रॉलीला हात लावण्याआधी ट्रॅक्टर स्वतः काय देतो हे कळलं पाहिजे. सात पिनी सॉकेटच्या जोडणीचा नेहमीचा क्रम असा आहे:

१ – डावा इंडिकेटर (पिवळी)
२ – मागचा फॉग लॅम्प (निळी), बहुतेक ट्रॉल्यांना रिकामी
३ – अर्थ (पांढरी)
४ – उजवा इंडिकेटर (हिरवी)
५ – उजवा टेल लाईट (तपकिरी)
६ – ब्रेक लाईट (लाल)
७ – डावा टेल लाईट (काळी)

हे रंग केबलचे. ट्रॅक्टरच्या आतल्या वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात आणि जुन्या ट्रॅक्टरवर आधीच्या मिस्त्रीने काय जोडलंय याचा भरवसा नाही. घरात तर काळी म्हणजे न्यूट्रल अशी सवय झालेली असते, इथे काळी डाव्या टेलची आहे. म्हणून रंग पाहून जोडू नका, पिनेचा आकडा पाहून जोडा.

सावधान: प्लग आणि सॉकेट समोरासमोर धरले की एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. ‘वरच्या उजवीकडची पिन’ असं लक्षात ठेवलं की डावा-उजवा इंडिकेटर अदलाबदल होतोच. स्क्रूशेजारी आकडा कोरलेला असतो. घाण साचली असेल तर ब्रशने साफ करा, पण वाचूनच पुढे जा.

आता टेस्ट लॅम्पची एक क्लिप तीन नंबरच्या पिनेला लावा आणि दुसरी एकेका पिनेला. डावा इंडिकेटर चालू करा, एक नंबरवर बल्ब लुकलुकला पाहिजे. मग उजवा, टेल, ब्रेक. मल्टिमीटर असला तरी इथे बल्बच वापरा. वायरीचा एकच धागा उरला असेल तरीही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट घेतच नाही. २१ वॅटचा बल्ब मात्र लगेच खरं सांगतो: भक्कम लागला तर लाईन चांगली, लाल-पिवळा मिणमिणला तर आत कुठेतरी गंज आहे.

टेस्ट लॅम्प बॅटरीच्या निगेटिव्हवर धरला की नीट लागतो, पण तीन नंबरवर धरला की मंद, असं झालं तर सॉकेटचा अर्थच कमजोर आहे. तिथून चेसिसच्या बोल्टपर्यंत अडीच स्क्वेअरची नवी वायर टाका. हे इथेच दुरुस्त करा, पुढे जाऊ नका.

ब्रेकच्या लाईटबद्दल ट्रॅक्टरवर एक खास गोष्ट आहे. ब्रेकचे दोन पेडल असतात आणि काही ट्रॅक्टरांना स्विच एकाच पेडलवर असतो. शेतात वळण घेण्यासाठी पेडल सुटे केले आणि तसेच रस्त्यावर आले, तर एक पेडल दाबूनही मागे दिवा लागत नाही. शिवाय ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो ते वेगळंच. दोन्ही पेडल पट्टीने जोडून तपासा, मग एकेक सुटा दाबून कशाने दिवा लागतो ते पाहून ठेवा. चालवणाऱ्याला, मग तो मुलगा असो की सालदार, हे दाखवून द्या.

ट्रॅक्टरच्या मागचा पांढरा फोकस शेतात नांगरताना बघण्यासाठी असतो. ट्रॉलीच्या टेलची लाईन त्याच्यावरून घेऊ नका, आणि रस्त्यावर तो चालूही ठेवू नका. मागच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांवर तो थेट पडतो आणि त्याला ट्रॉलीची कडच दिसत नाही.

ट्रॅक्टरला सॉकेटच नसेल तर: ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्यांपासून सिग्नल घ्या, पण त्याच बारीक वायरींवर ट्रॉलीचा भार टाकू नका. टेल आणि ब्रेकसाठी एकेक १२ व्होल्टचा रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बसवा. रिलेच्या ८५ आणि ८६ वर सिग्नल आणि अर्थ, ३० वर बॅटरीवरून फ्युजमधून आलेली लाईन, ८७ वरून ट्रॉलीकडे. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून अडीच स्क्वेअरची वायर आणि बॅटरीपासून वितीच्या आत १५ अँपिअरचा फ्युज. हे जोडताना बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा, लावताना ती सगळ्यात शेवटी लावा. उलट केलं आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी बॅटरीजवळच उडते.

## टप्पा २: ट्रॉलीचा अर्थ

याच टप्प्यावर सगळं काम उभं आहे, म्हणून सावकाश वाचा.

ट्रॉली आणि ट्रॅक्टर यांना जोडणारं लोखंड म्हणजे हूक आणि पिन. तिथे गंज असतो, ग्रीस असतं, रंग असतो आणि पिनेला खेळ असतो. ट्रॉली ओढली जात असताना पिन एका बाजूला घट्ट दाबलेली असते, म्हणून अर्थ मिळतो आणि दिवे लागतात. ब्रेक लावला की पिन मधोमध सुटते, अर्थ तुटतो. म्हणजे नेमका ज्या क्षणी ब्रेकचा दिवा हवा त्याच क्षणी तो जातो. अशा वेळी करंट परतीची दुसरी वाट शोधतो, दुसऱ्या बल्बाच्या तारेतून उलटा फिरतो, आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणणं, टेल विझणं असले प्रकार सुरू होतात.

उपाय एकच: प्लगच्या तीन नंबरपासून थेट मागच्या दिव्यांपर्यंत अडीच स्क्वेअरची स्वतंत्र वायर. चेसिसच्या लोखंडावर भरवसा नाही, जोडावर तर नाहीच नाही. टिपिंग ट्रॉलीत बॉडी बिजागरीवर हलते आणि बिजागरीत ग्रीस असतं. दिवे बॉडीवर असतील तर बॉडीचा अर्थ चेसिसकडून येईल असं धरणं चुकीचं आहे.

करायचं असं:

१. मागच्या आडव्या चॅनेलवर मधोमध एक अर्थ पॉइंट ठरवा. आठ एमएमचं छिद्र पाडा.
२. छिद्राभोवती रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा काचकागदाने घासा. लोखंड चांदीसारखं चमकेपर्यंत घासायचं. लाल किंवा काळा डाग राहिला तर अर्धवट आहे.
३. तीन नंबरची वायर, डाव्या दिव्याचा अर्थ, उजव्या दिव्याचा अर्थ आणि नंबर प्लेटचा अर्थ, प्रत्येकाला वेगळा लग दाबा. चौघं एकाच बोल्टवर, दातेरी वॉशर लावून, नटाने घट्ट.
४. घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा रंग. आधी रंग आणि मग बोल्ट नाही.

दिव्यांच्या होल्डरच्या पत्र्याला अर्थ आपोआप मिळतो असं समजून ती वायर वगळू नका. दिव्याचा पाया प्लास्टिकचा असेल तर मिळतच नाही. पत्र्याचा असेल तर पावसाळ्यापर्यंत मिळतो.

तपासणी: टेस्ट लॅम्पची एक क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून आणलेल्या लांब वायरीला लावा आणि दुसरी प्रत्येक दिव्याच्या अर्थ टोकाला. ट्रॉली सुटी आणि फक्त तीन नंबरची लाईन जोडलेली असताना सगळ्या ठिकाणी बल्ब सारखाच भक्कम लागला पाहिजे. लांब वायरीच्या बॅटरीकडच्या टोकाला फ्युज असू द्या.

## टप्पा ३: दिवे कुठे आणि कसे

ट्रॉलीच्या शक्य तितक्या कडेला, दोन्हीकडे सारख्या उंचीवर. मागच्याला ट्रॉलीची रुंदी दिव्यांवरूनच कळते, म्हणून ते मधे सरकवू नका.

जागा ठरवण्याआधी ट्रॉली वापरात कशी दिसते ते आठवा. केळीचे घड भरून मागचा फाळका उघडा सोडला की तो खाली लोंबतो आणि चेसिसवरचे दिवे पूर्ण झाकतो. कापसाची ट्रॉली फाळक्याबाहेर फुगते आणि ताडपत्रीची कड खाली येते. टिपिंग ट्रॉली उलटताना मागची बाजू जमिनीकडे जाते, दगड-माती थेट दिव्यावर येते. तेव्हा फाळका उघडून, बॉडी उचलून, ताडपत्री लावून पाहा आणि मगच छिद्र पाडा. चेसिसच्या चॅनेलला आत थोडी खोबण देऊन पुढे जाळी लावली तर दिवे टिकतात. ताडपत्रीची दोरी दिव्यांच्या वरच बांधली जाईल अशी कडी तिथेच वेल्ड करून घ्या. हे वेल्डिंग म्हणजे आधीच्या यादीत राहून गेलेलं काम, ते वायर ओढण्याआधी.

दोन तारांच्या २१/५ बल्बाच्या बाजूचे दोन खिळे एकाच उंचीवर नसतात. ते मुद्दाम तसे असतात, म्हणजे बल्ब एकाच बाजूने बसावा. जोर लावून उलटा बसवला की टेल लखलखीत लागतो आणि ब्रेक दाबल्यावर उजेड जेमतेमच वाढतो. मागच्याला ब्रेक कळतच नाही. बल्ब बसत नसेल तर फिरवून बघा, ढकलू नका.

इंडिकेटरची काच नारिंगी असेल तर बल्ब साधा, काच पांढरी असेल तर बल्ब नारिंगी.

## टप्पा ४: केबल ओढणे

चेसिसच्या चॅनेलच्या आतल्या बाजूने, फ्लेक्सिबल पाईपमधून. हाताच्या वितीएवढ्या अंतरावर लोखंडी क्लॅम्प. प्लास्टिकची टाय एकटी पुरत नाही. मे महिन्याच्या उन्हात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा ती वाळून कडक होते आणि तुटते. सुतळी किंवा केळीच्या सोपटाने बांधलेली केबल तर आठवड्यात लोंबायला लागते.

चाक, जॅकचा पाईप, बिजागरी आणि फाळक्याची साखळी यांपासून लांब ठेवा. छिद्रातून केबल जाते तिथे प्रत्येक ठिकाणी रबरी ग्रॉमेट. पत्र्याची कड केबलचं कवच कापायला फार दिवस घेत नाही.

दिव्यात शिरण्याआधी केबलला खाली एक छोटा झोल द्या. पावसाचं पाणी त्या झोलावरून गळून पडतं, दिव्यात जात नाही.

हूकाजवळची ढील नीट ठरवा. ट्रॅक्टर पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहा. केबल ताणली जाता कामा नये, पण मधोमध असताना जमिनीलाही लागता कामा नये. टायरच्या कडेला किंवा पीटीओच्या (ट्रॅक्टरमागून अवजारांना ताकद देणाऱ्या) फिरत्या शाफ्टला लागण्याइतकी सैल तर अजिबात नको. ढील दांड्यावर वेल्ड केलेल्या छोट्या हूकात अडकवा. केबल पिनेला बांधू नका.

तपासणी: एक माणूस ट्रॅक्टरवर, एक बाजूला. दोन्हीकडे पूर्ण वळण आणि थोडं मागे. बाजूचा माणूस केबल हाताने न धरता फक्त बघेल.

## टप्पा ५: प्लग आणि सांधे

प्लगच्या स्क्रूखाली जाणाऱ्या टोकांचं कवच एक सेंटिमीटरपेक्षा जास्त सोलू नका. धागे पिळून, तांब्याची बारीक नळी दाबून मग स्क्रू आवळा. काही जण टोकाला सोल्डर करतात. स्क्रूखाली ते नको: सोल्डर दबत जातो, स्क्रू सैल होतो आणि सोल्डर जिथे संपतो तिथेच वायर हादऱ्याने तुटते.

प्लगच्या मागच्या केबल क्लॅम्पने केबलचं बाहेरचं कवच धरलं पाहिजे, आतल्या कोअर नाही. बरेच जण तो क्लॅम्पच लावत नाहीत. मग कोणीतरी प्लग न काढताच ट्रॅक्टर पुढे नेतो आणि सातही वायरी एकदम उपटतात.

वाटेत सांधे जितके कमी तितकं बरं. डाव्या-उजव्या फाट्यासाठी जोड लागतोच, तिथे लग दाबून वर गोंदाची हीट श्रिंक नळी चढवा. वायर पिळून काळी टेप गुंडाळलेला सांधा उन्हात टिकत नाही. टेपचा गोंद वितळतो, टेप सुटते, आणि पहिल्या पावसात पाणी आत जातं. युरियाची, डीएपीची पोती वाहणाऱ्या ट्रॉलीत तर खताची भुकटी ओलाव्याबरोबर तांबं हिरवं करून टाकते.

कापसाची ट्रॉली असेल तर इथे आणखी काळजी घ्या. सुटा कापूस एका ठिणगीत पेटतो आणि चालत्या ट्रॉलीत वाऱ्याने आग क्षणात पसरते. म्हणून टेलची लाईन असो की रिलेची, प्रत्येक लाईनला फ्युज हवाच, आणि एकही सांधा बॉडीच्या आतल्या बाजूला नको. फ्युज वारंवार जातो म्हणून त्या जागी तांब्याचा तुकडा लावणं म्हणजे आगीची वाट मोकळी करणं. फ्युज का जातो ते शोधा.

## टप्पा ६: पूर्ण तपासणी, ट्रॉली सुटी असताना

ही तपासणी सगळ्यांकडून राहते. ट्रॉली हूकाला न लावता फक्त प्लग जोडा. रिकामी ट्रॉली, चाकांना दोन्हीकडून दगड, दांड्याच्या स्टँडखाली लाकडी फळी. आता हूकातून मिळणारा चोरटा अर्थ नाही. जे दिवे आत्ता लागतील ते तुमच्या वायरिंगच्या बळावर.

आधी एकेक: टेल, डावा, उजवा, ब्रेक, नंबर प्लेट. मग एकत्र: टेल चालू ठेवून ब्रेक, टेल आणि ब्रेक चालू ठेवून डावा इंडिकेटर, मग उजवा, मग चारही इंडिकेटर. एकेकटं सगळं बरोबर आणि एकत्र केल्यावर बिघाड, असं झालं तर सरळ टप्पा २ ला परत जा.

लक्षणं आणि कारणं:

- ब्रेक दाबला की टेल मंद होतो किंवा इंडिकेटर मिणमिणतो: अर्थ.
- एकाच बाजूचं सगळं मंद: त्या बाजूच्या दिव्याचा अर्थ लग.
- एका बाजूचा इंडिकेटर भरभर लुकलुकतो: त्या बाजूचा बल्ब गेला किंवा होल्डरमध्ये नीट बसला नाही.
- टेल लावला की लगेच फ्युज जातो: तपकिरी किंवा काळी वायर कुठेतरी लोखंडाला लागली आहे. ग्रॉमेटच्या जागा आधी पाहा.
- इंडिकेटर उलट्या बाजूचा लागतो: प्लगमध्ये १ आणि ४ ची अदलाबदल.

मल्टिमीटर असेल तर तो आता काढा. सगळे दिवे चालू ठेवून मागच्या ब्रेक होल्डरवर व्होल्टेज मोजा आणि त्याच वेळी बॅटरीवर मोजा. फरक एक व्होल्टच्या आत असला पाहिजे. जास्त असेल तर वायर बारीक आहे किंवा सांधा कच्चा.

मग ट्रॉली हूकाला लावा, इंजिन चालू करा, थोडं अंतर खडबडीत रस्त्याने न्या आणि हेच सगळं पुन्हा तपासा.

## टप्पा ७: रेडियम

दिवे कितीही चांगले असले तरी ट्रॉली बिघडून रात्री उभी राहिली आणि ट्रॅक्टर सोडून नेला तर दिवा कुठून लागणार? म्हणून रेडियमची, म्हणजे उजेड पडला की चमकणारी पट्टी: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. मागची पट्टी फाळक्यावर आणि चेसिसवर दोन्हीकडे लावा, म्हणजे फाळका उघडा असला तरी एक दिसेल. पत्रा डिटर्जंटने धुवून, पूर्ण वाळवून, गंज घासून मगच चिकटवा. केळीचा चीक राहिलेल्या पत्र्यावर पट्टी धरत नाही.

## दोन ट्रॉल्या, एलईडी, आणि घरची एसयूव्ही

उसाच्या हंगामात मागे दोन ट्रॉल्या असतात तेव्हा पहिलीचे दिवे दुसरीमागे झाकले जातात. दुसरीला सगळे दिवे हवेतच. पहिल्या ट्रॉलीच्या मागे सॉकेट बसवा आणि अर्थची वायर पुढून मागपर्यंत अखंड अडीच स्क्वेअरची, जमल्यास चारची न्या. इंडिकेटरचा भार वाढतो: ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या दोन आणि दोन ट्रॉल्यांच्या दोन, असे चार बल्ब एका बाजूला, म्हणजे ८४ वॅट, सात अँपिअर. फ्लॅशरवर (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीवर) छापलेली क्षमता वाचा. कमी असेल तर जास्त क्षमतेचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घाला.

एलईडीचे दिवे हादऱ्याला चांगले आणि करंट कमी घेतात. पण जुना फ्लॅशर कमी भाराला बल्ब गेला असं समजतो आणि भरभर लुकलुकतो किंवा नुसता लागून राहतो. त्यासाठी भारावर न चालणारा फ्लॅशर लागतो. एका बाजूला बल्ब आणि एका बाजूला एलईडी असं मिश्रण करू नका. एलईडीला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलट चालत नाही.

घरच्या एसयूव्हीला छोटी ट्रॉली जोडायची असेल तर पिनांचा क्रम हाच, पण गाडीच्या मागच्या दिव्याची वायर सोलून त्यावर ट्रॉली टांगू नका. नव्या गाड्यांत दिव्यांचा करंट संगणक मोजतो. जादा भार दिसला की तो लाईन बंद करतो किंवा डॅशबोर्डवर इशारा देतो, आणि वॉरंटीचा वाद उभा राहतो. तिथे वेगळं ट्रेलर मॉड्यूल बसवायचं. ते दिव्यांपासून फक्त सिग्नल घेतं, ताकद बॅटरीवरून फ्युजमधून. आणि गाडी किती वजन ओढू शकते हे मॅन्युअलमध्ये आधी पाहायचं.

## नंतरची देखभाल

ट्रॉली सोडताना आधी प्लग, मग पिन. प्लगसाठी दांड्यावर एक रिकामं सॉकेट किंवा लोखंडी कप वेल्ड करून ठेवा. जमिनीवर पडलेल्या प्लगमध्ये काळी माती शिरते आणि पिना हिरव्या पडतात. सॉकेटचं झाकण बंद राहतंय का ते पाहा, स्प्रिंग गेली असेल तर बदला.

मृगाच्या आधी आणि दसऱ्यानंतर, असं वर्षातून दोनदा प्लग उघडा. पिना बारीक काचकागदाने घासा, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, तीन नंबरचा स्क्रू आवळून पाहा. मागच्या चॅनेलवरचा अर्थ बोल्टही तेव्हाच. खळ्यात बरेच महिने उभी असलेली ट्रॉली काढताना पाईपची दोन्ही टोकं तपासा, उंदीर तिथून शिरतात. ट्रॉली पंपाने धुताना पाण्याची धार दिव्यांवर आणि सॉकेटवर मारू नका.

फ्युज होल्डरच्या शेजारी त्याच आकड्याचे दोन जादा फ्युज आणि टूलबॉक्समध्ये एक २१/५ आणि एक २१ वॅटचा बल्ब कापडात गुंडाळून ठेवा. रात्री गिरणीच्या किंवा कारखान्याच्या रांगेत लागण्याआधी, ट्रॅक्टर गावातून निघतानाच, एकाने मागे उभं राहून टेल, ब्रेक आणि दोन्ही इंडिकेटर पाहायचे.